लोनवर घेतलेल्या घोड्याचा पासपोर्ट कोणाजवळ असावा?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या परिसरात राहतो. माझी तेरा वर्षांची मुलगी चार वर्षांपासून घोडेस्वारी शिकत आहे. घोडा विकत घेणे आम्हाला परवडणारे नाही, म्हणून या मार्चपासून आम्ही सतरा वर्षांचा एक वेल्श पोनी पूर्ण लोनवर, म्हणजे मालकी मूळ मालकाकडेच ठेवून सांभाळायला आणि स्वारीला, घेतला आहे. तो आमच्या घराजवळच्या लिव्हरी यार्डात, म्हणजे पैसे भरून घोडे ठेवायच्या तबेल्यात, असतो आणि खाणे, नालबंद, व्हेट (पशुवैद्य), विमा हा सर्व खर्च आम्ही करतो. मालकीणबाई आमच्यापासून मोटारीने दोन तासांच्या अंतरावर राहतात. पोनीचा पासपोर्ट, म्हणजे त्याची ओळख आणि औषधांच्या नोंदी असलेली पुस्तिका, त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे आणि आम्हाला पहिल्या दोन पानांची छायाप्रत दिली आहे. ‘तोच माझ्या मालकीचा पुरावा आहे, तो हातातून गेला तर उद्या पोनीही जाईल,’ असे त्या म्हणतात. मागच्या महिन्यात पोनीला लॅमिनायटिस हा खुरांचा दुखरा आजार झाला. व्हेटने पासपोर्ट मागितला आणि तो नसल्यामुळे ब्यूट हे वेदनाशामक न देता दुसरे औषध दिले. आमच्यात लेखी करार झालेला नाही. माझे वडील सांगलीहून सांगतात की मूळ कागद मालकाकडेच असतो, दुसऱ्याचा कागद मागणे बरे नव्हे. यार्डातील एका बाईंनी तर पासपोर्ट हरवल्याचे कळवून नवा काढून घ्या, असे सुचवले. मालकीणबाई मनाने चांगल्या आहेत, मुलीचा पोनीवर जीव जडला आहे आणि आम्हाला संबंध बिघडवायचे नाहीत. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे सर्व त्याच्या आधारे वाचता येईल. पासपोर्ट पोनीजवळ असला पाहिजे आणि पोनी तुमच्या सांभाळात असल्यामुळे तो तुमच्याजवळ, किंवा तुमच्या वतीने त्याच यार्डात, असला पाहिजे. हा सौजन्याचा किंवा दोन घरांतील समजुतीचा भाग नाही. इंग्लंडमध्ये तो कायद्याचा भाग आहे. मालकीणबाईंनी तो दोन तासांच्या अंतरावर, स्वतःच्या घरी ठेवणे नियमात बसत नाही, आणि त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी त्यामुळे ते नियमात बसणारही नाही.

इंग्लंडमध्ये घोड्यांच्या ओळखीसंबंधीचे सध्याचे नियम २०१८ चे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे असले तरी या मुद्द्यावर तत्त्व तेच आहे. या नियमांत ‘ओनर’ आणि ‘कीपर’ अशा दोन व्यक्ती मानलेल्या आहेत. ओनर म्हणजे ज्याच्या मालकीचा घोडा आहे तो. कीपर म्हणजे घोडा ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याच्यावर त्याच्या सांभाळाची जबाबदारी सोपवलेली आहे तो. मग ती जबाबदारी कायमची असो की काही दिवसांची, पैसे घेऊन असो की न घेता. घोडा वाहून नेणारा वाहनचालकसुद्धा त्या प्रवासापुरता कीपर असतो. घोड्याबरोबर वैध पासपोर्ट ठेवण्याचे कर्तव्य या कीपरवर आहे. स्थानिक प्रशासनाच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाचा अधिकारी उद्या तुमच्या यार्डात आला, तर तो पासपोर्ट तुमच्याकडे मागेल, आणि तो दाखवता आला नाही तर होऊ शकणाऱ्या दंडाला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पासपोर्ट मागताना तुम्ही कोणाच्या वस्तूवर हक्क सांगत नसून स्वतःवर असलेले कर्तव्य पार पाडत आहात, एवढे तुमच्या मनात स्पष्ट असावे म्हणून लिहिते.

नियमाला काही अपवाद आहेत. घोडा तबेल्यात किंवा कुरणात असताना पासपोर्ट त्याच्या शेजारीच असण्याची गरज नसते. मागितल्यावर विनाविलंब दाखवता आला म्हणजे पुरते. यार्डाच्या आसपास पायी किंवा स्वारी करून फिरवून आणताना तो खिशात बाळगावा लागत नाही. जिवावर बेतलेल्या आणीबाणीत घोडा तातडीने हलवावा लागला, तर पासपोर्टवाचून कोणी अडवत नाही. परंतु दोन तासांच्या वाटेवर, कुलपात ठेवलेला कागद ‘विनाविलंब’ दाखवता येतो असे कोणीही म्हणू शकणार नाही.

आता तुमच्या वडिलांच्या म्हणण्याकडे येते, कारण ते सहज बाजूला सारण्यासारखे नाही. आपल्याकडे मूळ कागद म्हणजे हक्क, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांच्या कटू अनुभवातून आलेली आहे; घराचे खरेदीखत कोणी शेजाऱ्याच्या कपाटात ठेवत नाही. मात्र घोड्याचा पासपोर्ट खरेदीखताच्या जातीचा नाही. भावाची मोटार घेऊन कोणी सांगलीहून कोल्हापूरला निघाले, तर आरसी बुक भावाच्या कपाटात राहत नाही, ते गाडीबरोबर जाते, आणि तरीही गाडी भावाचीच असते. पासपोर्टाचे काम या आरसी बुकासारखे आहे. त्यावर मालकाचे नाव असते हे खरे, पण त्या नावाचे वजन साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला सातबाऱ्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. सातबाऱ्यावर नाव असणे महत्त्वाचे असते, त्यावरून बरेच व्यवहार चालतात, पण तो महसुली अभिलेख आहे आणि केवळ त्यावरील नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. घोड्याच्या पासपोर्टावरील मालकाची नोंदही तशीच आहे. पासपोर्ट हा मालकीचा पुरावा नाही. मालकी ठरते ती खरेदीच्या पावतीवरून, विक्रीच्या लेखावरून, बँकेतून गेलेल्या रकमेवरून आणि लोनच्या लेखी करारावरून. वडिलांना हे असे समजावून सांगा. ते मान्य करतील असे मला वाटते.

मग हा पासपोर्ट आहे कशासाठी? दोन गोष्टींसाठी : हा घोडा तोच आहे हे पटवण्यासाठी, आणि त्याच्या शरीरात कोणती औषधे गेली आहेत हे कळण्यासाठी. ओळखीसाठी त्यात पंधरा अंकी कायमचा क्रमांक असतो, मानेत बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक असतो आणि बहुतेक पासपोर्टांत घोड्याची बाह्याकृती छापून तिच्यावर व्हेटने पांढरे पट्टे, ठिपके आणि केसांचे भोवरे खुणांनी दाखवलेले असतात. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात जाणकार मंडळी घोड्याचे भोवरे बारकाईने पाहतात, ते शुभाशुभ ठरवण्यासाठी. इथे तेच भोवरे लहान फुलीने टिपून ठेवतात, ते दोन सारख्या रंगाच्या घोड्यांत गफलत होऊ नये म्हणून. घोड्याचे वर्णन कागदावर उतरवून ठेवण्याची ही रीत आपल्या इतिहासालाही परकी नाही. अकबराच्या लष्करात घोड्यांना डाग देत आणि त्यांच्या वर्णनाची नोंद ठेवत, ती हजेरीच्या वेळी चांगल्या घोड्याच्या जागी मरतुकडा घोडा उभा करता येऊ नये म्हणून. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. तुमची मुलगी आज त्या बारगिराच्या जागी आहे : घोडा दुसऱ्याचा, पण दिवसरात्र त्याची काळजी तिची. म्हणूनच त्या घोड्याची ओळख सांगणारा कागद जिथे घोडा आहे तिथे लागतो.

औषधांचा भाग अधिक गंभीर आहे आणि तुमच्या पोनीच्या दुखण्याशी थेट जोडलेला आहे. या देशात घोड्याचे मांस सहसा कोणी खात नाही, तरी कायदा प्रत्येक घोड्याला, तसे नाही असे नोंदवले जाईपर्यंत, अन्नसाखळीत जाऊ शकणारा प्राणी मानतो. ब्यूट, म्हणजे फिनाइलब्युटाझोन, हे घोड्यांच्या वेदनेवर आणि सुजेवर फार उपयोगी पडणारे औषध आहे. परंतु माणसामध्ये त्यामुळे क्वचित का होईना, रक्त तयार होण्याच्या क्रियेवर जीवघेणा परिणाम होऊ शकतो, आणि मांसात त्याचे किती प्रमाण सुरक्षित आहे हे ठरवता आलेले नाही. म्हणून अन्नसाखळीत जाऊ शकणाऱ्या घोड्याला ते देण्यास मनाई आहे. ही भीती कागदोपत्री नाही. २०१३ च्या जानेवारीत आयर्लंड आणि ब्रिटनमधील गोमांसाच्या पदार्थांत घोड्याचे मांस सापडल्याने मोठी खळबळ माजली, आणि त्या वेळी ब्रिटनमध्ये कापलेल्या २०६ घोड्यांची तपासणी केली असता आठांच्या मांसात ब्यूट आढळले. ज्या घोड्यांच्या बाबतीत पासपोर्टाची नोंद खरी आणि हाताशी असती, त्यांचे मांस त्या वाटेने जाण्याचे काही कारण नव्हते.

तुमच्या व्हेटने जे केले ते या पार्श्वभूमीवर योग्यच केले. पासपोर्टात एक विभाग असतो, जुन्या पासपोर्टांत तो नववा आणि २०१६ पासूनच्या पासपोर्टांत दुसरा. त्यात घोडा माणसाच्या खाण्यासाठी नाही, अशी सही केलेली नोंद असेल तर व्हेट ब्यूट देऊ शकतो. तशी नोंद आहे की नाही हे कळायला मार्ग नसेल, तर घोडा अन्नसाखळीत आहे असे धरून, त्या घोड्यांना चालणारे वेदनाशामक त्याला द्यावे लागते. तुम्हाला मिळालेल्या पहिल्या दोन पानांच्या छायाप्रतीवर हा विभाग बहुधा नसेल. आणि असता तरी मूळ पासपोर्टाची जागा छायाप्रत घेऊ शकत नाही. लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आतील हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात आणि पोनीला एकेक पाऊल टाकताना असह्य वेदना होतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला पर्यायी औषधाने आराम पडला असेल अशी आशा करते. परंतु एकदा लॅमिनायटिस झालेल्या पोनीला तो पुन्हा होण्याची शक्यता असते, आणि पुढच्या वेळी व्हेटचे हात पासपोर्टाअभावी बांधलेले असू नयेत, हे माझ्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत मोठे कारण आहे. मालकीणबाईंशी बोलताना कायद्याच्या आधी हेच कारण पुढे ठेवा, कारण पोनीवर त्यांचेही प्रेम आहे.

त्यांना त्याच वेळी हेही विचारा की त्या विभागात सही झालेली आहे का. झालेली नसेल तर ती करण्याचा निर्णय त्यांचा आहे. तुम्ही स्वतःहून तिथे काही लिहू नका. एकदा ‘खाण्यासाठी नाही’ अशी नोंद झाली की ती घोड्याच्या आयुष्यात पुन्हा बदलता येत नाही. सतरा वर्षांच्या, मुलांनी लाड केलेल्या पोनीच्या बाबतीत ती करायला कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही, पण विचारल्यावाचून करू नये.

मालकीणबाईंची भीती मात्र खरी आहे, आणि ती त्यांच्या तोंडावर खोडून काढण्याचा प्रयत्न करू नका. लोनवर दिलेला घोडा परस्पर विकला गेला, यार्ड बदलून नाहीसा झाला, अशा घटना या देशात घडल्या आहेत, आणि पासपोर्ट हाती असलेल्या अप्रामाणिक माणसाला भोळे गिऱ्हाईक फसवणे सोपे जाते, हे नाकारता येणार नाही. मला ही भीती जवळून माहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या आजारपणात मी माझी कुमेत घोडी एका मुलीला लोनवर दिली आणि पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात ठेवून घेतला. कारण विचारले असते तर मीही मालकीचा पुरावा असेच म्हटले असते. खरे पाहता ती घोडी अजून माझी आहे असे काहीतरी हातात धरून ठेवायचे होते. त्या उन्हाळ्यात ती मुलगी पहाटे चारला उठून, आयाळ गुंफून, घोडीला स्पर्धेला घेऊन गेली, आणि लसीची नोंद दाखवता न आल्यामुळे तिला दारातूनच परत यावे लागले. संध्याकाळी तिने फोनवर तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी पासपोर्ट स्वतः नेऊन दिला. तो देताना मला नियम ठाऊक नव्हता असे नाही. ठाऊक होता आणि मी तो पाळला नव्हता, हे मला आजही लागते.

लसीचा हा मुद्दा तुमच्या मुलीला लवकरच भेटणार आहे. घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाच्या लसी ठरलेल्या अंतराने द्याव्या लागतात, व्हेट प्रत्येक लसीची नोंद पासपोर्टातच सही-शिक्क्यासह करतो, आणि अंतर चुकले तर अनेक ठिकाणी संपूर्ण मालिका पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते. २०१९ च्या फेब्रुवारीत याच रोगामुळे ब्रिटनमधील घोड्यांच्या शर्यती सहा दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पासपोर्ट तुमच्याकडे नसताना गेल्या काही महिन्यांत पोनीला लस दिली गेली असेल, तर तिची नोंद कुठे झाली हे आजच व्हेटच्या दवाखान्यात विचारून ठेवा. पासपोर्ट आला की ती त्यात भरून घेता येईल.

आता उपायाकडे. मालकीणबाईंच्या भीतीवर खरे औषध म्हणजे लेखी करार, आणि तो तुमच्याकडे नाही. पासपोर्ट मागण्यापूर्वी, निदान त्याच्या बरोबरच, तुम्ही स्वतःहून करार पुढे करा. मागण्याआधी देणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाते, हा माझा अनुभव आहे. ब्रिटिश हॉर्स सोसायटीने लोनच्या कराराचा नमुना उपलब्ध करून दिलेला आहे. त्यावरून काम सुरू करता येईल. करारात पोनीचे पूर्ण वर्णन, पासपोर्टाचा क्रमांक आणि चिपचा क्रमांक लिहून, मालकी संपूर्णपणे मालकीणबाईंची आहे, तुम्हाला पोनी विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा पुढे दुसऱ्याला लोनवर देण्याचा अधिकार नाही, आणि त्यांच्या लेखी परवानगीवाचून यार्ड बदलता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत यावे. त्यानंतर एक स्वतंत्र वाक्य पासपोर्टासाठी असावे : पासपोर्ट मालकीणबाईंच्या मालकीच्या पोनीबरोबर राहण्यासाठी अमुक तारखेला सुपूर्द केला असून लोन संपताच तो पोनीबरोबर, कोणत्याही येण्या-देण्याच्या वादासाठी न अडवता, परत केला जाईल. हे शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते, कारण नालबंदाचे किंवा चाऱ्याचे पैसे राहिले म्हणून पासपोर्ट दाबून ठेवण्याचे प्रकार दोन्ही बाजूंनी होतात आणि त्यात हाल मुक्या जनावराचे होतात.

खर्च, विमा, लोन संपवण्याची पूर्वसूचना या गोष्टी त्या नमुन्यात आहेतच. एका कलमाविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण मनाला जड वाटते म्हणून लोक ते टाळतात. पोनीला मध्यरात्री असाध्य पोटशूळ झाला, व्हेटने त्याला वेदनेतून सोडवण्याचा सल्ला दिला आणि मालकीणबाईंचा फोन लागला नाही, तर तो निर्णय कोणी घ्यायचा, हे आजच शांतपणे बोलून लिहून ठेवा. पोनी गेल्यानंतर त्याचा पासपोर्ट तो देणाऱ्या संस्थेकडे ३० दिवसांच्या आत परत पाठवायचा असतो, म्हणजे मृत घोड्याचा कागद दुसऱ्या घोड्याला चिकटवला जात नाही. तो कोणी पाठवायचा हेही त्याच कलमात लिहा.

मालकीणबाईंनी स्वतःच्या समाधानासाठी काय करावे हेही तुम्ही त्यांना सुचवू शकता. पासपोर्टाच्या प्रत्येक पानाचे, कोऱ्या पानांसह, स्वच्छ छायाचित्र काढून त्यांनी जवळ ठेवावे. पोनीची चारही बाजूंनी, भोवरे आणि पांढऱ्या खुणा दिसतील अशी, तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. पासपोर्ट देणाऱ्या संस्थेला, पोनी लोनवर आहे आणि मालकी बदललेली नाही, असे लेखी कळवावे. चिप तर पोनीच्या मानेत आहेच. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून ती सर्व वयाच्या घोड्यांना बंधनकारक झाली आहे, आणि ती ज्या नोंदीशी जोडलेली आहे त्या नोंदीत मालकीणबाईंचे नाव आणि पत्ता अद्ययावत असणे, हे खणात ठेवलेल्या पुस्तिकेपेक्षा कितीतरी चांगले संरक्षण आहे. येथे एक शक्यता मनात ठेवा. नवा मालक घोडा घेतल्यावर ३० दिवसांत पासपोर्टावर स्वतःचे नाव लावून घेण्यास बांधील असतो, पण अनेक जण ते करायचे विसरतात, आणि पासपोर्टावर दोन मालकांपूर्वीचे नाव तसेच राहते. मालकीणबाईंचा संकोच त्यामुळेही असू शकतो. तसे निघाले तर दोष देऊ नका. त्यांनी आधी तो पासपोर्ट संस्थेकडे पाठवून नोंद दुरुस्त करावी आणि तिथून परत आला की तुमच्या यार्डात पाठवावा, एवढे ठरवा, व मधल्या काळात तो संस्थेकडे आहे असे दाखवणारे पत्र किंवा ईमेल तुमच्याकडे असू द्या.

या सगळ्यानंतरही त्यांना पासपोर्ट तुमच्या हाती देववत नसेल, तर एक मधला मार्ग आहे आणि तो पूर्णपणे नियमात बसतो. पासपोर्ट यार्डाच्या व्यवस्थापिकेकडे, कार्यालयातील कुलूपबंद कपाटात ठेवता येतो. अनेक यार्डांत सर्व घोड्यांचे पासपोर्ट असेच एकत्र ठेवलेले असतात, व्हेट आला की काढून देता येतात आणि अधिकारी आला तर दाखवता येतात. कोणत्याही प्रवासाला जाताना तुम्ही तो सही करून घ्यावा आणि परत आल्यावर सही करून ठेवावा. ज्यांना घोडा परस्पर नाहीसा होण्याची भीती आहे त्यांना तिसऱ्या, तटस्थ माणसाच्या ताब्यात कागद असल्याचे समाधान मिळते, आणि तुमची गरजही भागते. मालकीणबाईंना उदाहरण हवे असेल तर १९२७ मध्ये सुरू झालेल्या आणि आज वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे द्या. ही संस्था आपले घोडे लोकांच्या घरी सांभाळायला देते आणि मालकी मात्र स्वतःकडे राखते. तिची मालकी टिकते ती लेखी करारावर आणि नियमित भेटींवर. मालकीणबाईंनीही महिन्या-दोन महिन्यांनी पोनीला पाहायला यावे, असे तुम्ही आमंत्रण द्या. तुमच्या मुलीला त्यांच्याकडून पोनीच्या सवयी शिकायलाही मिळतील.

यार्डातील बाईंनी दिलेला सल्ला कृपा करून मनातून काढून टाका. पासपोर्ट हरवलेला नाही. तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. तो हरवला असे खोटे कळवून दुसरा काढणे हा गुन्हा आहे, कारण एका घोड्याचे आयुष्यभर एकच ओळखपत्र असावे या तत्त्वावर ही सर्व व्यवस्था उभी आहे. शिवाय तो अर्ज मालकाने करायचा असतो, आणि तुम्ही तो केलात तर मालकीणबाईंची जी भीती तुमच्या बाबतीत आज निराधार आहे तिला तुम्हीच आधार द्याल.

पत्र लिहिताना शब्द सापडत नाहीत असे तुम्ही म्हटलेले नाही, तरी मी असते तर साधारण असे लिहिले असते : “पोनी तुमचाच आहे आणि राहील, हे आम्हाला लेखी द्यायचे आहे, म्हणून सोबत कराराचा मसुदा पाठवत आहे. तुम्हाला हवे ते बदल करा. मागच्या महिन्यात तो आजारी असताना पासपोर्ट जवळ नसल्यामुळे व्हेटला हवे ते औषध देता आले नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर त्याला वेदनेत उभे पाहणे आम्हाला जमणार नाही. कायद्यानेही पासपोर्ट तो जिथे आहे तिथे असावा लागतो. आम्हाला द्यायला संकोच वाटत असेल तर यार्डाच्या कार्यालयात ठेवू. तुम्ही येऊन स्वतः ठेवलात तर अधिक आनंद होईल.” याला दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर फोन करा, आणि फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून पाठवा. शेवटी नकारच आला, तर लोन पुढे चालू ठेवू नका, असे मी जड मनाने सांगेन. मुलीला वाईट वाटेल, परंतु ज्या पोनीच्या उपचाराचा मार्ग दुसऱ्याच्या खणात बंद आहे तो पोनी सांभाळण्याची जबाबदारी तेरा वर्षांच्या मुलीच्या आईने घेऊ नये. मला मात्र वाटते की तेवढी वेळ येणार नाही.

पासपोर्ट हाती आल्यावर पहिल्याच भेटीत व्हेटकडून पोनीच्या मानेतील चिप वाचून घ्या आणि तिचा क्रमांक पासपोर्टातील क्रमांकाशी अंक अन् अंक जुळवून पाहा. मग मुलीला बरोबर घेऊन आकृतीवरील प्रत्येक खूण आणि प्रत्येक भोवरा पोनीच्या अंगावर शोधा. कपाळावरचा सापडायला सोपा असतो, मानेवरचे आयाळ बाजूला केल्यावर दिसतात. काही जुळले नाही तर त्याच दिवशी मालकीणबाईंना कळवा. सर्व जुळले, तर पुस्तिका पाण्यापासून वाचेल अशा पिशवीत घालून ठेवा आणि ती कुठे ठेवली आहे हे पोनीच्या दारावरील आणीबाणीच्या फोन क्रमांकांच्या पाटीवर लिहून ठेवा.